आतून शिवलेलं फूल

ज्या साली गुलाबी बोंडअळीनं आमच्या शिवारातला कापूस फुटायच्या आधीच पोखरून टाकला, त्याच्या पुढल्या साली, ऐन श्रावणात, मी गावाच्या कापसाच्या ग्रुपवर एका फुलाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'शुभ सकाळ'.

फूल आमच्याच पऱ्हाटीचं होतं. कापसाचं फूल कसं, मोकळं उमलतं. हे मात्र पाकळ्या मिटून, पीळ घालून, गुलाबाच्या कळीसारखं ऐटीत बसलं होतं. मला वाटलं, यंदा आपल्या वावरात काहीतरी खानदानी उगवलं. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, सारा जन्म कापसात गेलेला, गुडघे टेकून त्या फुलाचे फोटो काढत होता. बायको शेजारच्या ओळीत निंदत होती. ती म्हणाली, "काहो, सोयरीक आली काय त्या फुलाले?"

तो ग्रुप खरं तर कीटकशास्त्राच्या एका मॅडमनी काढून दिला होता. पिकावर काही वेगळं दिसलं की फोटो टाकायचा, म्हणजे त्या सांगतील काय ते. आम्ही त्यावर शेगावच्या दर्शनाचे फोटो आणि पावसाचे अंदाज टाकत होतो. माझ्या फुलालाही दोघातिघांचे नमस्कार आले. मग मॅडमचाच फोन आला.

"काका, ते फूल कुठंय?"

"झाडालाच आहे की."

"त्याला डोमकळी म्हणतात. तुम्ही बोंडअळीला शुभ सकाळ केलीत."

त्यांनी व्हिडिओ कॉल लावून मला फूल उकलायला लावलं. आत तांदळाच्या कणीएवढी पांढरी अळी, डोकं तेवढं काळपट. मॅडम म्हणाल्या, हिचीच पुढं पतंगासारखी पाखरं होतात, रात्री धुरा, म्हणजे वावराचा बांध, ओलांडून जातात, एकट्याच्या वावरात फुलं तोडून भागणार नाही. सगळ्या शिवारानं याच आठवड्यात डोमकळ्या वेचून जाळल्या तर यंदाची बोंडं वाचतील. हे ऐकताना बायको माझ्या खांद्यावरून पाहत होती. मागच्या साली हिरव्या बोंडात नुसती कवडी, किडका डागी कापूस, निघाली, तेव्हा उभी पऱ्हाटी तिनंच उपटली होती. तिच्या तोंडाकडे मला पाहवलं नाही.

मी त्या अळीची चित्रफीत काढून ग्रुपवर टाकली. लगेच सुरू झालं. "गुलाबी कुठी हाये? हे तं पांढरी हाये." "जुना व्हिडिओ असन." मॅडमनी लिहिलं की लहानपणी पांढरीच असते, मोठी झाली की गुलाबी होते. तेही कुणाला पटेना. शेवटी आमच्या धुऱ्याला धुरा लागून वावर असलेले चाचा बोलले. चाचांचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून महिनाभर ते खाटेवर. अर्धा जन्म त्यांनी शिलाई मशीनवर काढला, अर्धा कापसात, आणि अर्धं गाव त्यांच्या शब्दावर पेरतं. त्यांचा आवाज ग्रुपवर आला, "अळी लागू नये म्हून तं बीटी पेरली, तिच्या फुलात अळी कशी येईन बे? मोबाईलमधी तं लोक चंद्रावर बी शेती करून राह्यले."

झालं. चाचा नाही म्हणाले म्हणजे शिवार नाही म्हणालं.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः आल्या. बांधावर आम्ही सातआठ जण. त्यांनी मोबाईलच्या डोळ्यावर एक बारीक भिंग अडकवलं, चाचांना व्हिडिओ कॉल लावला आणि बायकोनं शोधून आणलेली डोमकळी उकलायला घेतली. आमच्यातला एकेक जण आधी फुलाकडे वाकून बघे, मग मोबाईलकडे, मग परत फुलाकडे. पाकळ्यांच्या कडांना बारीक, चकाकते धागे होते. पाकळी ओढली की ते ताणत आणि तुटत. तंबाखू मळणाऱ्याचा हातसुद्धा थांबला.

मोबाईलमधून चाचा म्हणाले, "थांब बेटी. हे फूल बाहेरून कोनं बांधलं?"

"कोणीच नाही चाचा. अळी आत बसून शिवते. धागा तिच्या तोंडातूनच येतो."

चाचांचा चेहरा पडद्यावर जवळ आला. मग, "हे त्याच्या वावरातलं हाये. माह्यावालं दाखव."

आम्ही धुरा ओलांडला. मोबाईल माझ्या हातात. चाचा खाटेवरून वाट सांगत होते, "निंबाकडून घे... हळू चाल बे, मले फक्त तुह्या चपला दिसून राह्यल्या... थांब. ते पऱ्हाटी पाहू दे." महिनाभरात त्यांनी आपलं वावर पाहिलं नव्हतं. डोमकळी बाजूला राहिली, आम्ही त्यांना एकेक ओळ दाखवत गेलो. "डवरा बरा मारला, तन नाई राह्यलं," ते म्हणाले. आणि मग त्यांनाच दिसली. "ते पाह्य, ते मिटलेलं काय हाये?"

मॅडमनी ती उकलली नाही. देठासकट तोडून बायकोच्या भाकरीच्या डब्यात ठेवली आणि आम्ही सगळे चाचांच्या घरी गेलो.

चाचांनी चष्मा पुसला. नखानं पाकळीची कड धरली आणि शिवण उसवावी तशी हळूहळू ओढली. धागा दिसला, तुटला, दुसरा दिसला. त्यांनी भिंगातून पाहिलं, मग भिंग सारून नुसत्या डोळ्यानं पाहिलं. असं किती वेळा केलं, कोण जाणे. मीही पाहत होतो. एवढ्या वर्षांत त्या पिकातून हजारदा गेलेला मी, आणि माझ्या कमरेएवढ्या उंचीवर हे शिवणकाम चाललेलं मला ठाऊकच नव्हतं. मॅडमना तर रोजचं, पण त्याही खाटेच्या कडेला वाकून नव्यानं बघत होत्या.

"या अल्ला," चाचा पुटपुटले. "सुई नाई, दोरा नाई, टाका कुठी दिसत नाई."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लाव तुहा मोबाईल. मी बोलतो."

उघडं फूल तळहातावर धरून ते ग्रुपला म्हणाले, "हे माह्या वावरातलं हाये. मी माह्या हातानं उसवलं. उद्या सकाळी सारे डोमकळ्या तोडाले निंघा. काऊन म्हून इचारू नका, पाह्याचं असन तं घरी या."

रात्रीपर्यंत लोक त्यांच्या घरी येऊन ते फूल पाहत होते. सकाळी सारं शिवार माणसांनी भरलं. प्रत्येकाच्या गळ्यात पिशवी. मी इतक्या लोकांना एकाच कामात गुंतलेलं यापूर्वी फक्त वेचणीच्या दिवसांत पाहिलं होतं.

संध्याकाळी आम्ही आमच्या पिशव्या धुऱ्यावर रिकाम्या केल्या. जाळायच्या आधी बायकोनं ढिगातलं एक फूल उचलून उसवलं, आणि अळी दिसेपर्यंत बघत राहिली.

"झाकून घेतलं की तिले वाटत असन ना हो," ती म्हणाली, "की आता आपल्याले कोनी पाह्यत नाई?" मग ते फूल ढिगावर टाकून उठली. "चला, चाचांच्या निंबाकडच्या दोन ओळी राह्यल्या."