ज्याने पाडलं, त्याच्या गावी

चंद्रपूर स्टेशनाबाहेर आलो तेव्हा सकाळ झालेली होती, पण उजेड मळका होता. वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर शहरावर वाकळेसारखा पसरलेला. आमच्या देवगडात सकाळी दार उघडलं की वारा आधी आत येतो. इथे हवा जागची हलत नव्हती. टपरीवाल्याने चहा ठेवायला फळी पुसली आणि फडकं काळं झालं.

आठवीत शाळा सोडलेला माणूस मी, लिहायची सवय नाही. पण घरचे विचारतात, एवढ्या लांब कशाला गेला होतास, म्हणून लिहितो. ज्याने मला बेशुद्ध पाडलं त्याचे आभार मानायला गेलो होतो.

मी पिंजऱ्यात लढतो. चहूबाजूंनी जाळी, आत दोघं. ठोसे, लाथा, पकड सगळं चालतं. एमएमए म्हणतात त्याला. दोन वर्षांपूर्वी नागपुरात गडचिरोलीतल्या एटापल्लीकडच्या रैनूशी माझी लढत झाली. त्याचा उजवा हात माझ्या जबड्यावर कसा आला ते मी मागाहून व्हिडिओत पाहिलं. मला आठवतं ते एवढंच, की वर दिवे होते, कोणीतरी माझं नाव विचारत होतं, आणि मला ते सांगता येत नव्हतं.

त्याआधी मी नुसता तोंड पुढे करून ठोसे मारणारा. डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याला काही महिने धक्का नको. कोल्हापूरच्या माझ्या कोचने ग्लोव्हज काढून घेतले आणि म्हणाला, तोवर जमिनीवर लोळ. मी लोळलो. मान आवळायला शिकलो, मार चुकवायला शिकलो. परत उतरलो तो वेगळाच लढवय्या होऊन, आणि तेव्हापासून हरलेलो नाही. रैनूचा तो हात लागला नसता तर मी आजही तसाच अडाण्यासारखा लढत असतो. हे त्याला समोर बसून सांगायचं होतं.

चहा पिऊन बसस्टँडकडे निघालो तर चौकात बॅनर. येत्या रविवारच्या लढती, आणि मधोमध रैनूचा फोटो, मुठी आवळलेला. रैनू स्वतः हैदराबादेत एका लढतीत पडला होता, त्याला महिनाही झाला नव्हता. फार वेळ उठला नव्हता म्हणे. तेव्हापासून तो फोन उचलत नव्हता. आणि रविवारी पुन्हा लढणार?

गडचिरोलीच्या एसटीत खिडकी मिळाली. मूल गाव सोडल्यावर दोन्हीकडे कापून रिकामी झालेली धानाची शेतं, मधे पाण्याच्या बोड्या (लहान तळी), आणि पुढे सागाचं रान, धुळीने करडं. शेजारी एक वयस्क बाई होत्या, गळ्यात बाबासाहेबांचं लॉकेट. दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त.

“कुठी जाऊन राह्यले?”

“एटापल्लीकडे, मित्राकडे.” मग काय मित्र, कसा मित्र, सगळं सांगावं लागलं.

“म्हणजे त्यानं तुमाले मारलं, अन् तुमी त्याले भेटाले चालले?”

“आभार मानायला.”

“माह्या नवऱ्यानं असे आभार कधी मानले नाई,” त्या म्हणाल्या. मागच्या सीटवरचा माणूस हसला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “डोक्याचा मार वरून दिसत नाई, भाऊ. दिसला असता तं लोकाईनं जपला असता.”

वैनगंगेच्या पुलावरून पाणी दिसलं, रुंद आणि संथ. काठावर माणसं फार नव्हती. गडचिरोलीत बस बदलली. आष्टीच्या पुढे लोहखनिजाचे ट्रक सुरू झाले, एकामागे एक, आणि सगळं लाल झालं: झाडं, टपऱ्यांची छपरं, माझा रुमाल. आलापल्लीच्या अलीकडे एक ट्रक आडवा झालेला. आम्ही दुपारभर तिथेच. रस्ता सुटल्यावर कंडक्टर म्हणाला, “आज लवकर मोकळे झालो समजा.” पुढे पोलिसांनी पिशव्या पाहिल्या. माझ्या पिशवीतलं दातांचं कवच बघून शिपाई म्हणाला, “दात लावता का?” मी नाही म्हटलं, तरी त्याने माझं तोंड नीट पाहून घेतलं.

रैनूच्या गावच्या फाट्यावर उतरलो तेव्हा दिवस कलला होता. अंगणात धान चुरणं (मळणी) चाललेलं, कडेला तणसाचा (पेंढ्याचा) ढीग. रैनू त्या ढिगाच्या सावलीला बसलेला, डोळ्यांवरून दुपट्टा घेऊन. मावळतीचं ऊन ते केवढं, तेही त्याला सोसत नव्हतं.

“जोहार,” मी म्हटलं.

त्याने दुपट्टा वर केला. “काय बे, मेला नाईस का अजून?”

“तू अर्धवट सोडलंस ना.”

तो हसला, पण हसताना कपाळ धरलं.

त्याच्या आईने भात, लाखोळीची डाळ आणि लाल मुंग्यांची आंबट चटणी वाढली. चटणीने डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा घरातली पोरं खूष झाली. आई माडिया बोलते, मला कळत नाही. तिने रैनूच्या डोक्यामागे तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघत बराच वेळ काहीतरी सांगितलं.

“काय म्हणतात?”

“जेव म्हणते.”

एवढं लांब जेवायला सांगत नाही कोणी.

आभार मी मानले. ते त्याला लाजिरवाणं वाटलं असावं. तो काडीने जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, “बरोबर हाय. तू पडला अन् मोठा झाला. आता मी पडलो. मी बी होईन.”

“पडल्याने नाही रे. नंतर बसलो म्हणून. रविवारी लढू नकोस.”

“तुले बसवणारा कोच होता. मले कोण बसवते? मीच माहा कोच. आमच्या इकडून एकडाव नाव कटलं तं पुन्हा कोणी बोलावत नाई.”

“इतकी वर्षं तू एकाच हातावर जिंकलास. कोणी पाडलं नाही म्हणून दुसरं काही शिकलाच नाहीस. आता शिकायची वेळ आहे.”

“शिकवू नको बे,” तो म्हणाला, आणि आत जाऊन आडवा झाला.

शनिवारी दोघं चंद्रपूरला निघालो. मी सोबत का जातोय ते त्याने विचारलं नाही. बसमध्ये त्याने विचारलं, “देवगडले समुद्र हाय ना?” मी हो म्हटलं, बोटी, मासळी, सगळं सांगितलं. चामोर्शीला शेंगदाणे घेतले. थोड्या वेळाने त्याने विचारलं, “तुमच्याकडे समुद्र हाय का?” चेहऱ्यावर थट्टा नव्हती. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

संध्याकाळी एका हॉलमध्ये वजन आणि तपासणी. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी बॅटरी डोळ्यांत मारली तसा तो मागे सरला.

“डोकं दुखतं?”

“नाई मॅडम.”

“चक्कर, उलटी, विसरायला होतं?”

“नाई.”

सही करायला पेन कागदाला लागलं. मी भित्रा माणूस आहे. मोठ्या माणसांसमोर माझा आवाज निघत नाही. तरी निघाला. हैदराबाद, दुपट्टा, समुद्र, सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि रैनूला विचारलं, आज कोणता वार? तो माझ्याकडे बघत राहिला. वार त्याने सांगितला नाही.

त्याची लढत रद्द झाली. डॉक्टरांनी त्याला तिथूनच मोठ्या दवाखान्यात पाठवायची व्यवस्था केली. गाडीत बसताना मी त्याची पिशवी धरायला गेलो, ती त्याने ओढून घेतली.

“तुले जे भेटलं ते माह्या हातून भेटलं,” तो म्हणाला. “अन् माह्यं तू घेऊन गेला.”

त्याचा मामेभाऊ चंद्रपुरातच असतो, तो सोबत गेला.

रविवारी सकाळी मी परतीची गाडी धरली. धूर तसाच होता. आमच्यात सगळे म्हणतात, एकदा नॉकआउट झाला की माणूस सुधारतो, आणि उदाहरण म्हणून माझं नाव घेतात. मीही तेच मानत होतो. पण पडणं सगळ्यांचं सारखंच असतं. मला पडल्यावर कोणीतरी धरून ठेवलं, आणि त्या रिकाम्या महिन्यांत मी घडलो. ते महिने मला आवडले नव्हते. कोचला मी रोज शिव्या देत होतो, त्याच्यासमोर नाही, पण देत होतो.

मामेभावाने दुपारी फोनवर सांगितलं की रैनूला दवाखान्यात ठेवून घेतलंय, आणि तो मला फार वाईट बोलतोय. एवढं वाईट, की मामेभाऊ सगळं सांगायला तयार नव्हता. मी म्हटलं, बोलू दे. शिव्या द्यायला माणूस शुद्धीवर असावा लागतो.