दिगूची तांबडी रेघ

शनिवार होता. दिगूचा यायचा दिवस, म्हणून मी सवयीने कपाटातून पिस्तुलाची पेटी काढून ओटीवर ठेवली. झाकण उघडलं आणि पाहतो तर चापाच्या स्क्रूवरची तांबडी रेघ मोडलेली. पेटीला कुलूप, किल्ली माझ्या करगोट्याला, आणि त्या पिस्तुलातून गोळी सुटून चार वर्षं झालेली. येऊ दे याला, विचारतोच, असं पुटपुटतोय तोवर आचोळ्याहून सायकलवर एक माणूस आला. पहाटे दिगू गेला म्हणाला, झोपेतच... मी त्याला बसही म्हटलं नाही. माझी नजर त्या रेघेवरच होती.

दिगू म्हणजे आचोळ्याचा दिगंबर, घड्याळं दुरुस्त करणारा. शाळेत आम्ही एका बाकावर. तो खाडीकाठच्या भातशेतीवाल्यांचा, जन्मात कधी ‘पाणी’ म्हणाला नाही, ‘पानी’च; आणि मी केळी-पानवेलींच्या वाडीवाल्यांचा, शिष्ट. मास्तर त्याच्या ‘पानी’वर छडी उगारायचे आणि माझ्या उत्तरांवर खूश व्हायचे. ती उत्तरं मला दिगूच कुजबुजून सांगायचा. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी मला नेमबाजीचं वेड लागलं. मुंबईच्या एका क्लबात नाव घातलं, परवाना काढला, स्पर्धेचं विलायती पिस्तूल घेतलं. घरचे म्हणाले, माकडाच्या हाती कोलीत. पुढे ते खरंच ठरलं.

त्या पिस्तुलाच्या चापात तिळाएवढे तीन स्क्रू. चाप किती हलका असावा, कुठे सुटावा, कुठे थांबावा, सगळं त्यांच्यावर. प्रत्येक गोळीच्या हिसक्याने ते केसभर फिरत आणि चाप लहरी होई. करकचून आवळावेत तर हवे तसे लावता येत नसत. क्लबातल्या साहेबी मंडळींनी हात टेकले. दिगूने डोळ्याला भिंग लावलं, स्क्रू काढून आधी स्पिरिटने धुतले, कारण तेलाचा अंश राहिला की लाख धरत नाही. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा एकच थेंब, सुईच्या टोकाने, आट्यांवर.

“इतकीच लावायची बाळू, का ती धरंल, पन मागितलं तर सोडंल,” तो म्हणाला.

दोन दिवस सुकू द्यायचं. शेवटी लाखेत शेंदूर कालवून स्क्रूच्या माथ्यापासून बाजूच्या लोखंडापर्यंत एक बारीक रेघ. रेघ अखंड, तर स्क्रू जागचा हलला नाही. रेघ पाहिल्याशिवाय गोळी भरायची नाही, ही त्याची शिस्त. दर शनिवारी तो स्वतः येऊन पाहून जायचा.

चार वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्याने स्क्रू नव्याने बसवले, लगेच रेघही ओढली, आणि जाताना बजावलं की लाख ओली आहे, परवापर्यंत बोट लावू नकोस. आमच्या घरी खंडेनवमीला कोयते, पहारी, कुदळी, सगळं धुऊन, खोबरेल चोळून पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात. विळीलासुद्धा पूजा, आणि माझ्या पिस्तुलाला नाही? माझ्या मनाला पटेना. देवाच्या तेलाने काय होतंय, म्हटलं. बोटांनी चांगलं खोबरेल चोळलं, चापावर ठसठशीत कुंकू लावलं. रेघ तांबडी, कुंकूही तांबडं... काय म्हणावं या अकलेला!

त्याच आठवड्यातल्या शनिवारी वाडीत विहिरीपलीकडच्या मातीच्या बांधावर निशाण लावलं होतं. दिगू नेहमीसारखा माझ्या उजव्या हाताला, विहिरीच्या कठड्याशी बसलेला. चाप कसा सुटतो ते तो नुसतं ऐकून सांगायचा. त्याने विचारलं, “रेघ बघितलीस ना?”

“बघितली,” मी म्हणालो.

कुंकवाखाली काय दिसणार होतं, कपाळ! त्याच्याकडे वळून उत्तर देता देता बोट चापाला टेकलं न टेकलं, तोच पिस्तूल सुटलं. गोळी कठड्याच्या दगडावर आपटली आणि दगडाची कपची उडून दिगूच्या उजव्या डोळ्यात गेली. ज्याला तो भिंग लावायचा, त्याच. तो ओरडला नाही. रहाट चालू होता, बैल फिरत होता. आणि मी... लिहायलाही लाज वाटते, मी आधी धोतराच्या सोग्याने चापावरचं कुंकू पुसलं. मग त्याच्याकडे धावलो.

डोळा गेला. चौकशीला आलेल्या फौजदाराला दिगूने सांगितलं की लाख माझ्या हातून कच्ची राहिली, चूक माझी. मी शेजारी उभा होतो, गप्प. माझा परवाना वाचला. इस्पितळातून आल्यावर त्याने डाव्या डोळ्याला भिंग लावून चाप स्वतः उघडला, दुसरा स्क्रू बसवला, नवी रेघ ओढली. जुन्या स्क्रूचं काय केलंस, हे मी विचारलं नाही. नेमबाजी मी सोडली, पण त्याने शनिवार सोडला नाही. यायचा, चहा घ्यायचा, पेटी उघडायला सांगायचा. आणि पुष्कळदा रेघ केसभर मोडलेली असायची. बंद पेटीत, न उडवलेल्या पिस्तुलात! तूच गुपचूप फिरवतोस, असा मी त्याच्यावर डाफरायचो. तो हसायचा, नवी रेघ ओढायचा आणि त्या एका डोळ्याने माझ्या तोंडाकडे बघत बसून राहायचा... मग सायकल काढायचा.

त्याच्या तेराव्याला आचोळ्याला गेलो. वहिनींनी, म्हणजे दिगूच्या बायकोने, एक पत्र्याची डबी हातात ठेवली. तुमच्यासाठी ठेवली होती, म्हणाल्या. आत त्याची लाखेची बाटली, कुंचला आणि एक कागदाची पुडी. पुडीत तो जुना स्क्रू. त्याच्या खाचेत वाळलेलं खोबरेल, आणि खोबरेलात घट्ट बसलेलं कुंकू.

मी तिथेच बसलो आणि सगळं बोलून टाकलं. तेल, कुंकू, धोतराचा सोगा, फौजदारासमोरचं गप्प राहणं. वहिनी मान खाली घालून ऐकत होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, “ठाऊक होतं मला, भावजी. एका डोळ्याने एवढी वाट सायकल मारीत यायचे ते काय रेघ बघायला? तुम्ही सांगाल म्हनून यायचे. परत आले की मी विचारायची, बोलले का? तर म्हनायचे, पुढल्या शनिवारी.”

तेव्हापासून रेघ मीच ओढतो, त्याच्याच कुंचल्याने. पेटीला कुलूप लावतो, किल्ली करगोट्याला बांधतो, आणि शनिवारी उघडून पाहावं तर रेघ मोडलेली असते. दर शनिवारी. घरातले घाबरलेत, पिस्तूल सरकारात जमा करा म्हणतात. मी ऐकत नाही. कालच्या शनिवारी मात्र मी रेघ ओढली नाही. ओटीवर समोर दुसरा पाट मांडला, दोन कप चहा ठेवला, पेटी उघडी केली. वहिनींना सांगितलं होतं, पण ज्याला सांगायचं त्याला कुठे सांगितलं होतं?

“दिगू,” मी म्हणालो, “त्या दिवशी मी रेघ बघितली नव्हती.”