पहिला पट्टा पाहुण्याला

मी निघाले तेव्हा आई रडली नाही. लालबागच्या आमच्या चाळीखाली टॅक्सी उभी होती, बॅगा डिकीत गेल्या होत्या, अख्खा मजला गॅलरीतून वाकून बघत होता, आणि आई मला विचारत होती, "आधी बटण की आधी पट्टा?"

"आधी पट्टा, आई."

"बरं. पोचलीस की कळव."

बाबा वारले होते, माझ्यामागे ती एकटीच राहणार होती, म्हणून मी प्रेशरचं मशीन आणून तिच्या फोनला जोडून दिलं होतं. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं. आकडा तिच्या फोनवर दिसे आणि तिकडे मेलबर्नमध्ये माझ्याही. सकाळी चहाआधीचा पहिला आकडा अ‍ॅप त्या दिवसाचा म्हणून धरायचं आणि तेवढाच मला पाठवायचं. हे सगळं मी तिला दोन-तीनदा समजावलं. मी इंग्लिश मीडियमची. मराठीत मला सूचना चांगल्या देता येतात, बाकीचं घशात अडकतं.

तुमच्यापैकी जे बाहेर गेलात त्यांना ही घड्याळं माहीत आहेत. तिची सकाळ म्हणजे माझी जेवणाची सुट्टी. ऑफिसच्या पॅन्ट्रीत मायक्रोवेव्हमध्ये डबा फिरत असायचा तेव्हा आईचा आकडा यायचा. मग मी फोन करायचे. मागे कपबशीचा आवाज आणि शेजारच्या सुलूमावशीचं मालवणी ऐकू यायचं, "चेडू जेवला काय, ता इचार गो." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी.

आई मशीनला लवकर सरावली. आज लोणचं नको, आज बाजाराला दुसरी फेरी नको, आज डॉक्टरांकडे जायची गरज नाही, हे ती आकडा बघून स्वतः ठरवायला लागली. पूर्वी असलं सगळं ती बाबांना विचारायची. अ‍ॅप तिला मराठीतून कळवायचं, "आपला रक्तदाब उद्दिष्टापेक्षा अधिक आहे." त्यावर ती म्हणायची, "कलेक्टर कचेरीतून नोटीस आल्यासारखं वाटतं गं." मला तिचा अभिमान वाटायचा. मी तो कधी बोलून दाखवला नाही.

मग आकडा एकाएकी चढला आणि चढलेलाच राहिला. मी व्हिडिओवर डॉक्टर गाठले. एका चौकोनात डॉक्टर, एकात मी, एकात आईचं अर्धं कपाळ.

"मला काही होत नाहीये हो, डॉक्टर," ती म्हणाली.

पण स्क्रीनवर आलेख होता. आलेखासमोर आईचं कोण ऐकणार? तिची रोजची प्रेशरची गोळी वाढली.

थोड्याच दिवसांत गॅलरीत कपडे वाळत घालताना तिला चक्कर आली. सुलूमावशी जवळच होती. तिने आईला धरून बसवलं, पाणी दिलं, दंडाला पट्टा बांधला आणि मलाच फोन लावला. आकडा फार खाली होता.

"हिचो प्रेशर इतको कसो उतारलो?" मावशी ओरडत होती. "रोज सकाळी माझ्यापेक्षा कमी असता, पण असो नाय!"

"रोज सकाळी? मावशी, तुमचंही बघता?"

"बघता काय! म्हयनोभर माझोच आधी बघता ती, मगे स्वतःचो."

मी पॅन्ट्रीत उभी होते. मायक्रोवेव्ह कधीचा थांबला होता.

आमच्या घरी दारात आलेल्या माणसाच्या हातात कप गेल्याशिवाय आई स्वतःचा कप उचलत नाही. पट्ट्याचंही तिने तेच केलं होतं. मावशी चहाला यायची, म्हणून पहिला पट्टा मावशीला. आणि अ‍ॅप धरायचं पहिला आकडा. प्रेशर मावशीचं होतं, गोळ्या आई गिळत होती. माझ्याकडे येणाऱ्या आकड्यात मावशी होती आणि मागून तिचाच आवाज येत होता, रोज.

आईची गोळी पूर्ववत झाली. मावशीला तिची स्वतःची सुरू झाली. कोणाचंच वाईट झालं नाही, असं म्हणता येईल. मी मात्र अ‍ॅपमध्ये तिचे सगळेच आकडे मला येतील असं केलं आणि आईला बजावलं, "ते मशीन फक्त तुझं. दुसऱ्या कोणाच्या हाताला बांधायचं नाही."

"दारात आलेल्या बाईला काय सांगू?"

"सांग, मुलीने नाही म्हटलंय."

"बरं."

पाहुण्यांसाठी अ‍ॅपमध्ये वेगळं बटण आहे, हे मला नंतर सापडलं. मी लगेच कळवलं. आई म्हणाली, "राहू दे आता." तोवर मावशीच्या मुलाने ठाण्याहून मावशीसाठी नवीन मशीन पाठवलं होतं. ती आता आपल्या घरात बसून मोजते आणि तिचा आकडा ठाण्याला जातो.

आईचा आलेख आता सरळ आहे. डॉक्टर म्हणाले, "एक्सलंट." मी फोन करते तेव्हा मागे पंख्याचा आवाज येतो. इथे कोणी विचारलं, घर कुठे, तर मी मुंबई सांगते आणि मनात दुपारचा तो एक आकडा येतो. मी मागितलं होतं तसंच झालंय. त्या आकड्यात आता फक्त आई आहे.

परवा एका सकाळचे दोन आकडे आले, लागोपाठ. डबा तसाच ठेवला. मी घाईघाईने फोन लावला.

"आई, कोणी आलं होतं का?"

"नाही गं. कोण येणार? माझंच पुन्हा घेतलं." मग म्हणाली, "वेळ होता."