सलाईनमधला बलक

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पुण्याच्या दवाखान्यात टेस्ट ट्यूबचे दोन प्रयत्न फसले होते. गर्भ बाहेर चांगले तयार व्हायचे, आत सोडले की रुजायचे नाहीत. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही जणींच्या शरीराला गर्भ परका वाटतो आणि शरीर त्याच्याशी भांडतं. ते भांडण शांत करायला एक सलाईन देतात. उपयोग होईलच असं नाही, सगळ्या डॉक्टरांना ते पटतही नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. मी आयुष्यात कुणाशी भांडलेली नाही. शरीराचं मला माहीत नव्हतं. आम्ही हो म्हणालो.

सलाईनच्या दिवशी नवऱ्याला चाकणच्या कंपनीतून सुट्टी मिळाली नाही, म्हणून सासूबाई सोबत आल्या. त्यांना मी आत्या म्हणते. आत्या माळकरी. महाळुंगे पडवळच्या आमच्या घरात अंडं आणायचं नाही, हे लग्न ठरतानाच मला सांगितलं होतं. माझ्या माहेरी, पेठला, दारात कोंबड्या होत्या. हळदीच्या आदल्या दिवशी मी पोटभर अंडी खाऊन घेतली होती.

दवाखान्यात सलाईनची पिशवी आली ती पांढरीशुभ्र. आत्यांना वाटलं दूध. कुणाच्या म्हशीचं, असं त्यांनी विचारलं नाही, पण चेहऱ्यावर होतं. नर्स मला म्हणाली, "अंड्याची, सोयाबीनची ॲलर्जी नाही ना? यात सोयाबीनचं तेल असतं आणि अंड्याच्या बलकातलंही थोडं असतं."

मी आत्यांकडे बघितलं नाही. पंख्याकडे बघितलं. आत्यांनी गळ्यातली माळ पदराखाली घेतली. मग नर्सला म्हणाल्या, "बाई, ह्ये पोटात जातंय का रगतात?"

"रक्तात, आजी."

"तोंडाला न्हाई ना लागत?"

"नाही."

"मग चालू करा."

सलाईन हळूहळू उतरत होतं. आत्या स्टुलावर बसून माझा हात धरून होत्या, सुई नसलेला. एरवी त्या माझा हात कधी धरत नाहीत. माझे डोळे भरून आले. नर्सला वाटलं सुई दुखतेय, तिनं सलाईन आणखी हळू केलं. त्यामुळे आमची एसटी चुकली.

घरी आल्यावर मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, काय दिलं म्हणून विचारलं. आत्या म्हणाल्या, तेल. कसलं? सोयाबीनचं. मामा विचारात पडले. घरात पोत्यानं सोयाबीन पडलंय, जाताना नेलं असतं तर, असं म्हणाले. आत्यांनी त्यांना जेवायला वाढलं.

मग ठरल्या दिवशी गर्भ आत सोडला. डॉक्टरीणबाईंनी नेहमीसारखं वागा म्हणून सांगितलं होतं. आत्यांनी ते ऐकून घेतलं आणि मला पाण्याची कळशीही उचलू दिली नाही. रक्त तपासायला मंचरला दिलं. रिपोर्ट नवऱ्याच्या मोबाईलवर आला. त्यानं कामावरूनच फोन केला आणि बराच वेळ नुसता मशीनचा आवाज येत राहिला. मग म्हणाला, "नाय झालं." मी बरं म्हणाले. त्यानं जेवलीस का विचारलं. मी हो म्हणाले. जेवले नव्हते.

आत्या गोठ्यात धार काढत होत्या. मी जाऊन सांगितलं. त्यांनी धार थांबवली नाही. माझं अंगच मेलं तसलं, असं मी म्हणाले, तेव्हा मात्र त्यांचा हात थांबला.

"अंगाला नावं ठिवू नको," त्या म्हणाल्या. "लई सोसलंय त्यानं."

मी तिथंच खाली बसले आणि खूप रडले. आत्यांनी चरवी बाजूला ठेवली, पण उठवायला आल्या नाहीत. म्हैस मान वळवून बघत होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुन्हा बघता येईल. नवऱ्यानं निर्णय माझ्यावर सोडला. मी नको म्हणाले. म्हटल्यावर इतकं हलकं वाटलं, की मला त्याची थोडी लाज वाटली.

गेल्या उन्हाळ्यात कळंबला एका लग्नात लांबच्या नात्यातल्या एक बाई भेटल्या. अजून पाळणा हलला नाही का, असं त्यांनी मला विचारलं. मी उत्तर जुळवत होते. आत्या शेजारीच होत्या.

"न्हाई हलला," आत्या म्हणाल्या. "तुमी जेवून घ्या, पंगत बसलीया."

त्या बाई जेवायला गेल्या. जागा तिथंच होती म्हणून आम्हीही त्यांच्या शेजारी बसलो. मठ्ठा चांगला झाला होता.