शनिवारचा एक तास

शालनताईंना स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. कोलशेतला कापड रंगवण्याच्या कारखान्यात त्या कॉम्प्युटर ऑपरेटर. अठ्ठ्याण्णव साली तिथे सर्व्हर आला आणि त्यांचा जीव त्या काचेच्या खोलीत अडकला. येताजाता त्या यंत्राला हात लावून पाहत, तापलंय का.

सर्व्हरवर रंगांच्या अकराशे शेड होत्या. कोणत्या रंगाला कोणती पावडर किती, पाणी किती तापवायचं, सगळं रंगाई सांभाळणाऱ्या कुंडलिक मास्तरांचं. मास्तरांनी वहीतून वाचलं, ताईंनी टाइप केलं. पुढे ती वही खाडीच्या दमट हवेत कुजून गेली, आणि मास्तर आता रिटायर व्हायला आले होते.

म्हणून दर शनिवारी दुपारी ताई इमेज घेत. म्हणजे सर्व्हर बंद ठेवून सॉफ्टवेअरने डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवत. तेवढा तास शेड दिसत नसत, रंगाई थांबे.

"आलीस? मशीनच्या आंघोळीची वेळ झाली वाटतं," मास्तर कुरकुरत. "आमच्या वहीने कधी सुट्टी मागितली नाही."

"आहे कुठे ती वही?"

"बोल, बोल. तेवढंच राहिलंय."

तास संपला की पडद्यावर काम पूर्ण झाल्याची ओळ येई. बाकीच्यांना तेवढं पुरे. ताईंना वाटे, ही प्रत परत उतरवून पाहिलीय कुणी?

वर्षभराने एका मंगळवारी सकाळी त्यांनी ती मोडीत काढलेल्या कॉम्प्युटरवर उतरवली. प्रोग्रॅम सुरू झाला. शेडची यादी रिकामी.

डिस्कचे भाग दोन, सी आणि डी. शेड डीमध्ये. पहिल्या शनिवारी त्यांनी फक्त सी निवडला होता, आणि नंतर बोटं दर वेळी तिथेच गेली होती.

शनिवारी गुपचूप दुरुस्त करता आलं असतं. पण मधल्या चार दिवसांत डिस्क गेली तर? ताई तडक खाली गेल्या.

"मास्तर, तास हवाय. आज."

"मंगळवारी? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"वर्षभर घेतलं त्यात तुमची एकही शेड नाही. माझी चूक."

मास्तरांनी रंगाचे हात फडक्याला पुसले. "मग इतके शनिवार मी काय नुसत्या बिड्या ओढल्या?"

"हो."

"साहेबांना सांगितलंस?"

"आधी इमेज."

मास्तरांनी चालू मशीनकडे पाहिलं. "हा लॉट उतरू दे. वीस मिनिटं."

ती वीस मिनिटं ताई काचेपाशी उभ्या राहून डिस्कची घरघर ऐकत होत्या. मग खाली रंगाईच्या मशिनी थांबल्या. मास्तर वर आले आणि पहिल्यांदाच खुर्ची ओढून शेजारी बसले.

"कोणती ओळ?"

"ही. वरून दुसरी."

"दाब मग."

प्रत झाली, जुन्या कॉम्प्युटरवर उतरली.

"मोरपिशी काढ," मास्तर म्हणाले. आकडे आले. ते ओठांतल्या ओठांत वाचत गेले. "बरोबर आहे. आता जा साहेबांकडे."

ताई उठल्या. दारापर्यंत जाऊन परत आल्या, आणखी एक शेड उघडून पाहिली, आणि मग साहेबांच्या केबिनकडे निघाल्या.