एका वैद्याला एकच रोग

“पावम्, त्यांना वाईट वाटंल.” कुंभकोणमच्या आमच्या शाळेतले भूगोलाचे सर दिवसातून दहा वेळा तरी हे म्हणत. पावम् म्हणजे बिचारे. त्यांच्या लेखी सगळं जगच बिचारं होतं.

विड्याची पानं ते दोन म्हाताऱ्यांकडून आलटून पालटून घेत. कावेरी पश्चिमेला वाहते असं ठोकून देणाऱ्या पोरालाही “थोडीशी वाहत्ये, पण जास्त पूर्वेला” म्हणून खाली बसवत. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याला आपण हसतो आणि जाऊन बसतो त्याच्याच शेजारी. मी गणित शिकवायचो. बारा वर्षं त्यांच्या शेजारी बसलो.

त्यांना रोग तीन आणि वैद्यही तीन. रक्तदाबाला गावातले डॉक्टर, मधुमेहाला दारासुरमचे वडिलांच्या ओळखीचे वैद्य, छातीच्या दुखण्याला इन्नंबूरचा एक काढेवाला. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. रविवारी सोबतीला मी असायचो.

“डॉक्टरांना असक, सगळंच सांगून टाका की, तिन्ही रोग,” मी एकदा म्हटलं.

“कसाला? दुसरीकडं जातों म्हणून कळलं तर त्यांना वाईट वाटंल. घरांतही बोलूं नका. ती माझ्यासाठी हौसेनं गोड पोंगल करत्ये.”

मी हसलो आणि वचन देऊन बसलो.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. शाळेला निघताना धोतर नेसता नेसता ते कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर धावत आले. “घाबरू नका, यातून उठतील. अंगात ताकद राहायला ग्लुकोजचं पाणी देत राहा,” म्हणाले. मी रजा काढून उशाशी बसलो. पहिला चमचा पुढे केला तेव्हा सरांनी डाव्या हातानं तो बाजूला सारला. मला वाटलं, आजाऱ्याचा हट्ट. मग त्यांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि निमूट तोंड उघडलं.

मला त्यांचा मधुमेह ठाऊक होता. पण हा अर्धांगाचा आजार. मधुमेह दारासुरमच्या वैद्यांचा. गणित शिकवणाऱ्या माणसाला ही बेरीज सुचली नाही.

चौथ्या दिवशी उजव्या हाताची बोटं हलली. वहिनी आनंदानं रडल्या. सहाव्या दिवशी मात्र श्वास जड झाला, शुद्ध हरपली. डॉक्टरांनी वाकून श्वासाचा वास घेतला.

“यांना मधुमेह आहे?”

“नाही हो,” वहिनी म्हणाल्या.

“आहे,” मी म्हणालो. “छातीतही दुखायचं.”

डॉक्टर माझ्याकडे वळले. “अर्धांगातून मी यांना उठवलं असतं. आधी कळायला हवं होतं,” एवढंच म्हणाले आणि इन्सुलिन द्यायला लागले. संध्याकाळपर्यंत हृदयानं साथ सोडली.

मला रडू आलं नाही. इतक्या वर्षांत एकदाही आलेलं नाही. आत जिथं काही वाटायला हवं तिथं काहीच वाटत नाही, याचीच मला भीती वाटते.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. मी दारात दिसताच वहिनी उठल्या, मला सगळ्यांच्या पुढे बसवलं आणि पाहुण्यांना म्हणाल्या, “सख्ख्या भावानं केलं नसतं तेवढं ह्यांनी केलं. सहा दिवस चमच्या-चमच्यानं ह्यांनीच पाजलं.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. मीही जोडले.