होडीतलं जाजम

होडीत जाजम असतं, असं मी लग्नानंतर जालन्याला सासरी सांगितलं तेव्हा सगळे हसले. नणंद म्हणाली, "मंग लोड-तक्केबी असतील." मी फणकाऱ्यानं आत निघून गेले. पण ते खरं होतं. वडीगोद्रीच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला आमचं गाव. आम्ही भोई. माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या होडीत तळाच्या फळ्यांवर जाजम अंथरलेलं असे. डांबर दिलेल्या फळ्या उन्हात अशा तापत की अनवाणी पाय ठेवायची सोय नव्हती. म्हणून आबांनी कधीकाळी गावातल्या बिछायतीचं एक विटकं जाजम मागून आणलं होतं आणि मायनं ते होडीच्या मापानं कापून शिवलं होतं.

सन ऐंशीनंतरची ती वर्षं. मी चार-पाच वर्षांची असेन. माय मासळीची पाटी घेऊन वडीगोद्रीच्या बाजाराला गेली की मला आबांच्या हवाली करी. आबा जाळं टाकत आणि मी जाजमावर पडून राही. कान खाली टेकला की फळीपलीकडून पाणी ऐकू येई. कुणीतरी हळू आवाजात, न थांबता काही सांगत आहे असं वाटे. त्यातला एकही शब्द कळत नसे, पण आपल्याबद्दलच चाललं आहे याची मला खात्री होती. डोळे मिटले तरी पापण्यांवर पाण्याचा उजेड हलत राही. ओल्या सुताचा, डांबराचा, मासळीचा वास. झोप लागली की नाही ते मला कधी सांगता आलं नसतं. जाग येई तेव्हा नदी तीच असे, पण काठावरची बाभूळ दुसरीकडं सरकलेली असे, आणि मला वाटे की झाडंच चालतात, आपण जागेवरच असतो. हे मी शाळेतही सांगितलं होतं आणि तिथंही सगळे हसले होते. माझ्या नशिबात तेच लिहिलेलं दिसतं.

जाजम फाटे तिथं माय ठिगळ लावी. जुन्या लुगड्याचं, आबांच्या धोतराचं, एकदा माझ्या शाळेच्या दप्तराचंही. तिचे टाके जाड, दोऱ्याच्या गाठी वरच्या बाजूला. मी मोठी झाले, लग्न होऊन गेले, माय वारली, तरी जाजम तेच. आणि खरं सांगायचं तर तोपर्यंत मला त्याची लाज वाटू लागली होती.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. नवरात्रात मी आठ दिवसांसाठी माहेरी आले होते. आमच्यात खंडेनवमीला होडीची पूजा असते. होडी धुवायची, हळदीकुंकू वाहायचं, आणि मग होडीच्या धन्यानं घरच्या लेकीला बसवून नदीचा एक फेरा मारायचा, मधोमध नारळ सोडायचा. पूजेला दोन दिवस होते. मी होडीत डोकावले तर जाजमाला काळा चिकट थर, कडेला शेवाळ, वास तर विचारू नका. मला स्वच्छतेचं वेड आहे. सासरी सगळे त्याला खोड म्हणतात. आबा गावात गेले होते. मी भावाला वडीगोद्रीला पिटाळलं. तिथं हायवेला त्याचं पंक्चरचं दुकान, आणि शेजारीच मंडपवाला. लग्नात स्टेजवर घालतात तसला हिरवा गालिचा त्यानं आणला. मी तो मापानं कापला, कडा दुमडून होडीत ठोकला. जुनं जाजम घरामागं नेऊन, थोडं रॉकेल टाकून पेटवलं. डांबरामुळं ते काळा धूर काढत दुपारभर जळत राहिलं. मी हात धुतले आणि स्वतःवर खूष होऊन चहा टाकला.

भाऊ चहा पिताना म्हणाला, "केलंस ते बराबर केलंस. पण ही होडीच आता बंद करायची हाय मला. आबाची नजर कमी झाली. मागं घाटावर ठेचकाळले. येवढी पूजा होऊ दे, मी बघून राह्यलो. खंडेनवमीला जरा जरी पाय घसरला ना, त्याच दिवशी होडी मोडून सरपण करतो. नदीत गेले तर कुणाला सापडणार?"

त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. त्याला बापाची काळजी होती. मलाही तेव्हा वाटलं, वय झालं, आता घरी बसावं.

आबा उन्हं कलताना आले. मी त्यांना हाताला धरून, लाडात येऊन होडीपाशी नेलं. होडी वाळूत ओढून ठेवलेली होती. ते नेहमीसारखे डावा पाय आधी टाकून आत चढले आणि थांबले. पायाची बोटं गालिच्यावर हलली. मग आणखी एक पाऊल, पुन्हा बोटं. मी हसत उभी होते. ते मागच्या फळीवर बसायला वळले आणि फळीच्या वीतभर अलीकडंच बसू लागले. मी ओरडायच्या आत ते खाली आपटले. जाळ्याचा ढीग होता म्हणून लागलं नाही.

"छान हाय," ते जाळ्यात बसूनच म्हणाले. "मऊ हाय."

त्यांचे डोळे माझ्याकडं होते, पण मी जिथं उभी होते त्याच्या जरा बाजूला बघत होते. तेव्हा मला कळलं.

"आबा, तुम्हाला दिसत न्हाई का?"

नदीवर बगळे उतरत होते. "उजेड दिसतो," ते म्हणाले. "पाणी कुठं, काठ कुठं, येवढं कळतं. पायाजवळचं दोन वर्षं झाली, न्हाई दिसत. डॉक्टर म्हणला, गेलं ते येत न्हाई. भावाला बोलू नको." मग तळहातानं गालिचा चाचपत म्हणाले, "सगळीकडं सारखंच लागून राह्यलंय बाई हे. आधीच्यात सगळं कळायचं."

आधीच्यात, म्हणजे मायच्या ठिगळांत. दोन वर्षं ते पायांनी ती ठिगळं वाचत होडी चालवत होते, आणि मी ती रॉकेल टाकून जाळली होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी घरामागं जाऊन राख उपसली. एक गाठसुद्धा शिल्लक नव्हती. तिथंच बसून मी रडले, आणि रडताना स्वतःचा इतका राग आला की रडणंही धड झालं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ दुकानावर गेल्याबरोबर मी दाभण आणि सुतळी घेतली. आबांना म्हणाले, "चढा होडीत. एकेक सांगा. मी शिवते."

तो दिवस अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे, पण झोपेत पाहिल्यासारखा. वारा पडलेला, वाळूवर ऊन, आणि आबा डोळे मिटून होडीत उभे. त्यांना ती ठिगळं आठवावी लागत नव्हती, ते पाय सरकवत आणि पाय आपोआप थांबत. "इथं आडवी शिवण. लुगड्याची. ही आली की वळायचं अन् बसायचं." मी कडेचे खिळे काढून गालिचा उचलला आणि खालून दाभण घातली. "इथं गाठ. जाळं या गाठीच्या पल्याड." "इथं खरबरीत, तुझ्या दप्तराचं. ही फळी नरम हाय, भार द्यायचा न्हाई." "इथं दोन गाठी जवळजवळ. उजवीकडं वल्हं." मी सुतळी ओढत होते, ते पायानं तपासत होते. एक गाठ बोटभर चुकली तर म्हणाले, "तुझ्या मायनं ही बिलकुल चालू दिली नसती." मी उसवून पुन्हा घातली. दुपार पाण्यासारखी चालली होती, पुढं जात होती की नाही कळत नव्हतं. मध्येच मला वाटलं, माय बाजारातून येईल आणि म्हणेल, सरक, मला दे ती दाभण.

पाच खुणा झाल्या. "अजून?" मी विचारलं.

त्यांनी पाय मागं घेतला. "बास. येवढंच कामाचं हुतं."

खंडेनवमीला सकाळी होडीला हळदीकुंकू लागलं. भाऊ काठावर हाताची घडी घालून उभा. आबांनी डावा पाय आत टाकला. शिवण लागली, गाठ लागली, वल्हं हातात आलं, ते वळले आणि फळीवर नेमके बसले. मी समोर जाऊन बसले. माझ्या हातातला नारळ घामानं ओला झाला होता. होडी पाण्यात सरकली. भावाची घडी सुटली, तो पाण्यात घोट्यापर्यंत आला आणि तिथंच राहिला. मधोमध नारळ सोडायला आबा उठले आणि माझ्याकडं चालत आले. आणि होडीच्या मध्यावर, डाव्या अंगाला, जिथं काहीच नव्हतं, तिथं त्यांनी पाय उंच उचलला आणि वळसा घालून पुढं टाकला. नारळ सोडून परत जातानाही तेच.

"आबा, तिथं काय हाय?"

"काही न्हाई."

"मंग पाय कावून उचलला?"

त्यांनी आधी वल्हं हाती घेतलं. "तिथं एक ठिगळ हुतं. सगळ्यात जाड, चार पदरी. तुझ्या मायचं पहिलं ठिगळ."

"काल का न्हाई सांगितलं? काय कळायचं त्यानं? गळती?"

"गळती न्हाई. तू झोपायचीस तिथं. फळ्या टोचू नये म्हून घातलं हुतं तिनं. मला म्हणली हुती, तिथं चुकूनबी पाय टाकायचा न्हाई." वल्हं मारत ते म्हणाले, "आता कामाचं न्हाई. पर पायाला सवय हाय."

माझं लग्न होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. मला दोन मुलं होती. सात वर्षं त्यांनी त्या जागी पाय टाकला नव्हता, जाळंसुद्धा ठेवलं नव्हतं.

काठावर भाऊ बघत होता. बघू दे म्हटलं. मी सरकून त्या जागेवर गेले, पदर गोळा करून डोक्याखाली घेतला आणि कुशीवर झाले. जागा आता पुरत नव्हती, गुडघे पोटाशी घ्यावे लागले. गालिच्याला नवा वास होता. पण कान खाली टेकला तर फळीपलीकडून पाणी तेच सांगत होतं.

"झोपलीस का?" आबांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी वल्हं हळू केलं.